दिवाळीनंतरचे हजेरीपत्रक

शासनाच्या परिपत्रकाप्रमाणे शालेय वर्ष जूनच्या मध्याला सुरू होते आणि १ मे रोजी महाराष्ट्र दिनाचे ध्वजवंदन आटोपून प्रगतिपुस्तके मुलांच्या हाती पडली म्हणजे संपते. मध्ये दिवाळीची सुटी येते, तिच्या अलीकडे प्रथम सत्र आणि पलीकडे द्वितीय सत्र अशी त्याची सरळ वाटणी आहे, आणि बारमाही पाण्याच्या गावी शाळा चालविणाऱ्या माझ्या समव्यवसायी बंधूंना या वाटणीत विचार करण्याजोगे काही आढळत असेल असे मला वाटत नाही. परंतु बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या माथ्यावर, जिथे पावसाचा भरवसा नाही आणि हातभर खणले की मुरूम लागतो अशा जमिनीत बाजरी, तूर आणि कपाशी यांच्यापलीकडे फारसे काही उभे राहत नाही, तिथे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचा कारभार ज्याच्याकडे सोपविलेला असतो त्याला दिवाळीच्या अलीकडची शाळा आणि पलीकडची शाळा या दोन निराळ्या शाळा आहेत हे पहिल्याच वर्षी कळून चुकते. इमारत तीच, फळा तोच, परिपाठ तोच. मुले मात्र निम्मी. उरलेली निम्मी ऊसतोडणीला गेलेल्या आईबापांबरोबर सांगली, कोल्हापूर, सातारा, नगर अशा जिल्ह्यांत, किंवा सरहद्द ओलांडून कर्नाटकात, कोणत्यातरी कारखान्याच्या फडावर असतात, आणि त्यांच्या नावांपुढचे रकाने आमच्या हजेरीपत्रकात गैरहजेरीच्या खुणांनी ओळीने भरत जातात. एक वर्ष आवरून दुसऱ्याची तयारी करण्याचे हे दिवस आहेत; वर्गांना कुलपे लागली तरी मुख्याध्यापकाच्या दप्तराला सुटी नसते, आणि निकालाचे तक्ते पुरे करता करता मी ते हजेरीपत्रक पुन्हा पुन्हा उघडून पाहत आहे.

शाळेच्या दप्तरात नोंदवह्यांना तोटा नाही. आवकजावक बारनिशी आहे, कीर्द आहे, तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरेबुक आहे, पोषण आहाराच्या तांदळाचा आणि डाळीचा दाणा न् दाणा मांडून ठेवणारी वही आहे. आणि यांखेरीज अलीकडे जी माहिती एकदा कागदावर आणि एकदा संगणकावर अशी दोनदोन वेळा भरावी लागते तिचा पसारा निराळाच आहे. परंतु मुलांचा आणि शाळेचा खरा संबंध ज्यांत उतरलेला असतो अशा वह्या दोनच : एक दाखलखारीज रजिस्टर आणि दुसरे हजेरीपत्रक. दाखलखारीजात प्रत्येक मुलाला एकच ओळ मिळते. नाव, जन्मतारीख, जात, गाव, शाळेत दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस, सोडण्याचे कारण आणि अखेरीस शेरा, एवढ्यात त्याचे शाळेतले आयुष्य मावते. आमच्याकडची सर्वांत जुनी वही निजामी अमलातली आहे. हा मुलूख १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता, दरबारचा कारभार उर्दूत चाले, आणि म्हणून आमच्या गावच्या कुणब्यांची, वंजाऱ्यांची, महारामांगांची नावे त्या वहीत उर्दू लिपीत आणि फसली सनाच्या तारखांनी लिहिलेली आहेत. अलीकडे जातीच्या दाखल्यांसाठी जुन्या नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून, एरवी जे शाळेच्या फाटकातून कधी आत आले नसते असे वयस्क गृहस्थ येऊन ती वही पाहू इच्छितात; उर्दू जाणणाऱ्या कोणाला तरी बरोबर आणतात, आणि आजोबांची ओळ सापडली म्हणजे तिच्यावर बोट ठेवून बराच वेळ तसेच बसतात. त्यांचे काम जातीच्या रकान्याशी असते. माझे लक्ष मात्र त्याच ओळीच्या शेवटाकडे जाते, कारण पुढच्या काळातल्या मराठी वह्यांत काय आणि या उर्दू वहीत काय, शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात पानेच्या पाने एकाच अर्थाचे शब्द लिहिलेले आहेत : सतत गैरहजर, सबब नाव कमी केले.

ही 'सबब' लिहिणाऱ्या माझ्या पूर्वसूरींना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे नियम होता आणि नियमाप्रमाणे त्यांनी लिहिले. आता तसे नाव कमी करता येत नाही; बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला, आणि ६ ते १४ वर्षांच्या मुलाचे नाव पटावरून पुसून टाकण्याची वाट त्याने बंद केली, ही फार मोलाची गोष्ट झाली. परंतु नाव पटावर राहणे आणि मूल वर्गात असणे यांत जे अंतर आहे ते कायद्याला दिसत नाही. ते हजेरीपत्रकालाच दिसते.

जूनमध्ये हे अंतर नसते. तेव्हा पट आणि हजेरी जवळजवळ एकच असतात, आणि वर्षातला माझा सर्वांत आनंदाचा काळ कोणता असे कोणी विचारले तर मृगाच्या सरी पडून गेल्यानंतरच्या त्या आठपंधरा दिवसांकडेच मी निःशंकपणे बोट दाखवीन. पहिलीत येणाऱ्या मुलांची पावले कुंकवाच्या पाण्यात बुडवून त्यांचे ठसे कोऱ्या कागदावर घेतात, बालभारतीची नवी पुस्तके वाटली जातात, आणि दोन महिन्यांपूर्वीच फडावरून परत आलेल्या आया आपल्या लेकरांना हात धरून शाळेच्या ओट्यापर्यंत आणून सोडतात. त्यांच्या हातांवर उसाच्या पाचटाने कापल्याच्या रेघा अजून बुजलेल्या नसतात. या आया थोडे बोलतात. पण 'गुरुजी, याला वाचता आलं पाहिजे' हे वाक्य त्यांतल्या बहुतेक जणी बोलून जातात, आणि मी माझ्या सहकाऱ्यांना दरवर्षी जूनमध्ये जे एक सांगतो ते या वाक्यावरूनच मला सुचलेले आहे. अभ्यासक्रम दहा महिन्यांचा असेल. आपल्या निम्म्या मुलांना तो चार-साडेचार महिन्यांचाच मिळणार आहे. तेव्हा पाठ क्रमाने संपविण्याच्या मागे लागू नका. दसऱ्याच्या आत प्रत्येक मुलाला अक्षरे जुळवून वाचता आली पाहिजेत, आणि वजाबाकी आली पाहिजे. परिसराचा पाठ मागे राहिला तर राहू द्या, कारण परिसर ते मूल आपल्यापेक्षा अधिक पाहणार आहे. चित्रकलेची वही कोरी राहिली तरी चालेल. परंतु वाचता न येणारे मूल फडावरच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, गेले तर एप्रिलमध्ये ते पुन्हा मुळाक्षरांपासून सुरू करील, आणि वाचता येणारे गेले तर निदान ते जिथे असेल तिथे त्याचे वाचणे त्याच्याबरोबर राहील. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी पाठनियोजनातल्या या उलटापालटीवर प्रतिकूल शेरा लिहिला आहे. तो शेरेबुकात आहे, आणि तो मला मान्य नाही.

श्रावण, पोळा, गणपती असे दिवस जातात. दुपारची खिचडी शिजविणाऱ्या बाई रोज सकाळी परिपाठ संपताच कार्यालयाच्या दाराशी येऊन 'आज किती?' असे विचारतात, कारण पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ हे प्रमाण ठरलेले असून हजेरी मोजल्याशिवाय तांदूळ मोजता येत नाही. आणि या दिवसांत त्यांना जो आकडा मिळतो त्याला मोठे पातेले काढावे लागते. १७ सप्टेंबर येतो. मराठवाड्याच्या शाळांतून या दिवशी मुक्तिसंग्रामाच्या स्मरणार्थ ध्वज फडकतो, ऑगस्टमधल्या ध्वजवंदनानंतर महिन्याभरात मुले पुन्हा धुतलेला गणवेश घालून येतात, आणि देशाला मिळालेले स्वातंत्र्य या गावापर्यंत पोहोचण्यास आणखी तेरा महिने का लागले ते मी त्यांना सांगतो. यानंतर ३० सप्टेंबर येतो, ज्या दिवशीच्या पटावर पुढच्या वर्षाची शिक्षकांची संख्या मंजूर होते. त्या दिवशी आमची शाळा भरलेली असते आणि म्हणूनच तिला शिक्षक मिळतात. डिसेंबरात पट आणि हजेरी एकच धरून जर कोणी मोजदाद केली, तर बालाघाटावरच्या कितीतरी शाळा एकशिक्षकी होतील. ज्यांनी कोणी ही तारीख ठरविली त्यांच्या मनात ऊसतोडीचा विचार असेल असे नाही, तरीही तिने आमचे फार भले केले आहे.

सीताफळे डोळे उघडू लागली की निघण्याचे दिवस जवळ आले. आमच्याकडच्या डोंगरउतारांवर हे झाड आपोआप उगवते, खडकातही तग धरते, आणि त्याचे फळ नेमके दसऱ्याच्या आगेमागे पिकते. मुले दप्तरातून सीताफळे आणतात, मधल्या सुटीत ओट्यावर काळ्या बियांचा सडा पडतो. याच सुमारास गावच्या चौकात ट्रॅक्टर आणि मालमोटारी येऊन उभ्या राहू लागतात. भांडी, चुलीचा लोखंडी सांगाडा, पिठाचे डबे, गोधड्या, ताडपत्री, कोयते, एखादी शेळी, डालग्यात कोंबड्या, आणि या सर्वांच्या वर मुले, अशी ती रचना असते. बैलगाडी घेऊन तोडीला जाणाऱ्यांची जनावरेही मोटारीतच चढतात. गेल्या दसऱ्यानंतर अशीच एक मालमोटार भरत असताना चौथीतली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत आली. तिच्याकडे वाचनालयातला 'किशोर' मासिकाचा एक जुना अंक राहिलेला होता आणि तो परत करण्यास आईने तिला रागे भरून पाठविले होते. अंक टेबलावर ठेवून ती तिथेच उभी राहिली. मी तो तिला परत दिला, देवघेवीच्या वहीत परतीची तारीख एप्रिलमधली लिहिली आणि खाली तिची सही घेतली. सही करताना तिने भावाला टेबलाच्या कडेवर बसविले आणि त्याच्या मुठीत सापडलेला माझा शिक्का हळूच सोडवून जागेवर ठेवला. मग मोटारीचा भोंगा वाजला.

तिला का जावे लागते याचे उत्तर तिच्या कडेवर होते. तोडीला नवराबायको दोघे मिळून एक कोयता धरला जातो. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपाशी नेते. पहाटे अंधारात फड गाठावा लागतो आणि गाडी भरेपर्यंत परतणे नसते. अशा वेळी कोपीत निजलेल्या दोन वर्षांच्या मुलाजवळ कोणीतरी असावे लागते, आणि नऊ वर्षांची मुलगी ते काम करू शकते. आईबापांना शिक्षणाचे मोल कळत नाही असे जे वाक्य परिषदांच्या व्यासपीठांवरून ऐकू येते ते मला या कारणास्तव ऐकवत नाही. त्यांना मोल कळते. त्यांना दुसरा माणूस परवडत नाही. विशिष्ट प्रवर्गांतल्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलींना शाळेत उपस्थित राहिल्याबद्दल दिवसाला १ रुपया भत्ता देण्याची योजना शासनाने १९९२ पासून ठेवलेली आहे. त्या काळी त्या रुपयामागे असलेली सदिच्छा मी नाकारीत नाही. परंतु जिच्या घरी राहण्याची सोयच दसऱ्याबरोबर उठून जाते तिला तो रुपया घरी ठेवू शकत नाही, आणि ती गेली म्हणजे तिच्या उपस्थितीबरोबर तिचा रुपयाही बंद होतो.

सक्तीच्या शिक्षणाचा या देशातला इतिहास मी माझ्या उमेदवारीच्या दिवसांत मोठ्या आस्थेने वाचला होता. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सबंध बडोदे संस्थानात ते सक्तीचे केले. गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणले आणि पुढच्या वर्षी ते बहुमताने फेटाळले गेले. आणि १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर राज्यात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. ही नावे घेताना माझे मन आजही कृतज्ञतेने भरून येते. तथापि इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे, ती अशी की फुल्यांपासून आजच्या अधिनियमापर्यंत सर्वांनी ज्या मुलाचा विचार केला ते मूल एका गावात राहणारे आहे. ते गरीब असेल, अस्पृश्य मानलेले असेल, मुलगी असेल, गुरांमागे जाणारे असेल. परंतु संध्याकाळी ते त्याच गावातल्या त्याच घरी परत येते, आणि शाळेने त्या घरापर्यंत पोहोचावे एवढाच प्रश्न आहे. आमच्या मुलाचे घर वर्षातून दोनदा उठते. याला जुना इतिहास नाही. प्रवरानगरचा पहिला सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुण्याईने शेतकऱ्याच्या मालकीचे कारखाने पश्चिम महाराष्ट्रात उभे राहिले, आणि त्या कारखान्यांना ऊस तोडणारे हात जिथून मिळाले तो प्रदेश हा. १९७२ च्या दुष्काळाने तर या डोंगरातली गावेच्या गावे त्या वाटेला लावली. सहकाराने तिकडे शाळा, महाविद्यालये, रुग्णालये उभी केली हे मी स्वतः जाऊन पाहिले आहे आणि त्याबद्दल मला अभिमानच वाटतो. त्या वैभवाच्या हिशेबात आमच्या हजेरीपत्रकाचे सहा महिने खर्ची पडलेले आहेत, हेही त्या वैभवाच्या धन्यांनी कधीतरी मांडून पाहावे.

दिवाळीनंतर शाळा उघडते तेव्हा पहिल्या दिवशी वर्ग मोठे झाल्यासारखे वाटतात. खिचडीच्या बाई आकडा ऐकून लहान पातेले काढतात. राहिलेल्या मुलांत दोन प्रकारची मुले असतात : ज्यांच्या घरी थोडे पाणी किंवा थोडी नोकरी आहे अशी, आणि ज्यांना आजीआजोबांपाशी ठेवून आईबाप गेले आहेत अशी. या दुसऱ्या मुलांसाठी शासनाचे हंगामी वसतिगृह असते, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली त्यांना सकाळसंध्याकाळ जेवण मिळते आणि मुले रात्री आपापल्या आजीकडे निजतात. योजना उत्तम आहे. मी तिचा पक्षपाती आहे. जितकी मुले या जेवणावर गावात राहतात तितकी शाळा वाचते. दोष एवढाच की तिची मंजुरी बहुधा मोटारी निघून गेल्यावर हाती येते. जेवणाची हमी ज्या दिवशी आईला हवी असते त्या दिवशी मी तिला नुसता शब्द देऊ शकतो, आणि शब्दावर लेकरू ठेवून जाण्याची छाती प्रत्येक आईला होत नाही. झाली नाही तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे?

ही आजीपाशी राहणारी मुले हिवाळ्यात फार लवकर मोठी होतात. ती पाणी भरतात, आजोबांच्या औषधाच्या गोळ्यांची पाकिटे वाचून देतात, आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी भ्रमणध्वनीवरून आईशी बोलतात आणि त्या दिवशी वर्गात त्यांचे लक्ष नसते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आम्ही दरवर्षी करतो. मुली काठापदराची लुगडी नेसून, कपाळाला कुंकू रेखून सावित्रीबाई होतात आणि पुण्यातल्या १८४८ सालच्या शाळेची हकीकत पाठ म्हणतात. या वर्षी जिने ते भाषण उत्तम केले असते ती मुलगी तेव्हा कृष्णाकाठच्या कोणत्यातरी गावात होती.

जाणाऱ्या मुलांना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो. मुलाचे नाव, इयत्ता, कोणत्या शाळेचा विद्यार्थी, एवढे त्यावर असते, आणि ते दाखविल्यावर जवळच्या शाळेने त्याला बसवून घ्यावे अशी अपेक्षा आहे. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही हे तर कायद्यातच आहे. काही मुले बसतात. काही ठिकाणी तिथल्या शिक्षकांनी या मुलांना मायेने जवळ केल्याचे, आणि पाटी देऊन पाठविल्याचेही मला कळले आहे. परंतु फड आज या शिवारात तर पंधरा दिवसांनी दुसऱ्या शिवारात असतो, गाव तीनचार मैलांवर राहते, आणि ज्या मुलीने कोपी सांभाळायची तिने कार्ड घेऊन जायचे कोठे? साखरशाळा म्हणून कारखान्यांच्या तळांवर मध्यंतरी जे प्रयत्न झाले ते याच अडचणीतून निघाले होते. मला अजूनही ती कल्पना योग्य वाटते. मूल जिथे सहा महिने राहते तिथे सहा महिने शाळा असावी, यात न समजण्यासारखे काय आहे? फडावरच्या मुलापुढे आम्ही जी गैरहजेरीची खूण मांडतो ती न्यायाने त्या फडावर नसलेल्या शाळेपुढे मांडावयास पाहिजे.

गुढीपाडव्याच्या आधीपासून वाट पाहणे सुरू होते. 'अमक्या कारखान्याचा पट्टा पडला', म्हणजे हंगाम संपला, अशी बातमी आली की दोनतीन दिवसांत मोटारी येतात आणि दुसऱ्या सकाळी वर्गाच्या दाराशी मुले उभी असतात. उन्हाने रापलेली, उंच झालेली, केस तांबूस पडलेली. कर्नाटकातून आलेली मुले कानडी अंक म्हणून दाखवितात आणि इतर मुले त्यांना पुन्हा पुन्हा म्हणावयास लावतात. या वर्षी 'किशोर'चा अंक घेऊन गेलेली ती मुलगी परत आली तेव्हा अंक खताच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळलेला होता, आणि त्यात कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या नीट घडी करून ठेवलेल्या होत्या. वडिलांना वाचता येत नाही. भरल्या गाडीचे वजन किती, रिकाम्या गाडीचे किती, आणि वजा जाता ऊस किती, हे ती रोज रात्री वडिलांना वाचून दाखवी, समासात शिसपेन्सिलीने टनाचे आकडे लिहून ठेवी, आणि हंगाम संपताना, मजुरांना तोडीवर नेणाऱ्या मुकादमाच्या हिशेबात आणि तिच्या आकड्यांत जो फरक निघाला तो वडिलांनी मुकादमाकडून भरून घेतला. किती, ते तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पावत्या मात्र मी तिच्याकडून मागून घेतल्या. चौथीच्या वर्गात मी त्या फळ्यावर उतरविल्या, आणि वर्षभर ज्यांना हातच्याची वजाबाकी जमली नव्हती अशी, कधी फडावर न गेलेली मुले, तिच्याभोवती बसून गाडीतले टन आणि किलो वजा करू लागली. दसऱ्यापूर्वी वाचन आणि वजाबाकी, या माझ्या आग्रहाला याहून सबळ आधार मला नको आहे. शेरेबुकातल्या त्या शेऱ्याखाली खुलासा म्हणून मी ही हकीकत लिहिली आहे.

एप्रिलअखेर संकलित मूल्यमापन झाले. द्वितीय सत्रात जी मुले अवघा एक महिना वर्गात होती त्यांच्या श्रेणी भरताना शिक्षक माझ्याकडे येऊन उभे राहतात, आणि मी त्यांना सांगतो की त्याला आज जे येते ते लिहा, आणि जे येत नाही तेही लिहा, कारण पुढच्या जूनमध्ये त्याला कोठून उचलावयाचे ते दुसऱ्या कोणत्या कागदावरून कळणार? मूल पुढच्या वर्गात जाते हे योग्यच आहे. चौथीत नापास म्हणून बसविलेले मूल पुढच्या दसऱ्याला मोटारीवर चढते ते परत दप्तर घेत नाही, हे मी माझ्या नोकरीच्या आरंभीच्या काळात डोळ्यांनी पाहिलेले आहे. परंतु श्रेणीचा कागद खोटा असू नये. त्या मुलीची गणिताची श्रेणी चांगली आली. भाषेतही ती वरच आहे. निबंधात तिने पाऊस हा विषय सोडून चिमणीचा, म्हणजे कारखान्याच्या धुराड्याचा, निबंध लिहिला आणि तो विषयाबाहेरचा असूनही तिच्या बाईंनी त्याला पूर्ण गुण दिले, हे मला आवडले. पुढच्या वर्षी ती पाचवीत जाईल.

मूल जाणार की राहणार हे ऑक्टोबरात ठरते असे मी पुष्कळ वर्षे धरून चाललो होतो, म्हणून आमच्या गृहभेटी दसऱ्याच्या तोंडावर होत आणि तोवर घरचे सामान बांधलेले असे. वास्तविक ते ठरते अक्षय्य तृतीयेपासून पोळ्यापर्यंतच्या काळात, ज्या दिवशी घरातला पुरुष मुकादमाकडून आगाऊ उचल घेतो त्या दिवशी. एका कोयत्याला लाखाच्या घरात उचल मिळते. तीत मागचे देणे, दवाखाना, बियाणे, बहिणीचे लग्न हे सर्व भागवायचे असते. आणि ती घेताना धाकट्याला कोण सांभाळील, थोरली बरोबर येईल का, हे बोलणे त्याच रात्री घरात होऊन जाते. शाळेला त्या बोलण्यात आपले काही म्हणणे मांडायचे असेल तर ते तेव्हाच मांडले पाहिजे. म्हणून या वर्षी निकाल लागल्याबरोबर, सुटी असूनही, आम्ही शिक्षकांनी वाड्यावस्त्या वाटून घेतल्या आहेत. कोणत्या घरी आजी आहे, तिच्या अंगात बळ किती, तान्ह्याला अंगणवाडीत किती वेळ ठेवता येईल, रात्री लेकराजवळ कोण असेल, हे विचारून आम्ही लिहून घेत आहोत. आणि वसतिगृहाची मंजुरी दसऱ्यापूर्वी मिळावी म्हणून या यादीसह अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यातच बारनिशीला लागेल.

परवा मी त्या मुलीच्या घरी गेलो होतो. तिची आजी लिंबाखाली तूर निवडीत बसली होती. माझे बोलणे तिने पूर्ण ऐकून घेतले आणि मग म्हणाली, ''ठिवते की गुरुजी, दोन्ही लेकरं ठिवते. पर मला रातचं दिसत न्हाई. रातीतून धाकल्याला ताप भरला तर मी कुणाला हाक मारू, तेवढं सांगा.'' पलीकडच्या गल्लीत आमचे एक शिक्षक कुटुंबासह राहतात. मी त्यांचे नाव सांगितले, आणि त्यांच्या पत्नीला भेटवून आणण्याचे कबूल केले. संध्याकाळी त्या बाई स्वतःच जाऊन तिला भेटून आल्या. लेकाशी आपण बोलू असे म्हातारीने त्यांना सांगितले आहे. मुकादम अजून गावात आलेला नाही. तो येण्याच्या आत खालच्या वस्तीवरची घरे करावयाची आहेत.